कपभर वळीव

सयाजीराव झांबरे रंगखात्यात होते तेव्हा चाकणजवळच्या त्या कारखान्यात त्यांच्या नाकाला जेवढा मान होता तेवढा मॅनेजरच्या सहीलाही नसेल. रंगवलेले लोखंडी भाग उघड्या ट्रकमधून जायचे. उन्हाळा सरत आला की दुपारनंतर वळीव कधी कोसळेल याचा नेम नसायचा. मग गाडी भरण्याआधी सुपरवायझर रंगखात्याच्या दारात येऊन विचारायचा, "सयाजीराव, नाक काय म्हणतंय?"

सयाजीराव हातातली रंगाची गन खाली ठेवायचे. दाराबाहेर यायचे. तोंडावरचं फडकं सोडून, डोळे मिटून, मान वर करून दोन लांब श्वास घ्यायचे. तिसऱ्या श्वासाला जरा थांबायचे, कारण तिथं माणसं गप्प होतात हे त्यांना ठाऊक झालं होतं. मग म्हणायचे, "चारला येईल. ताडपत्री बांधा." आणि चारला नाही तर सव्वाचारला टपोरे थेंब पत्र्यावर वाजू लागायचे.

खरी गोष्ट अशी होती की या सगळ्यात नाकाचा काडीचाही संबंध नव्हता. रंग मारायच्या गनला दाबाची हवा लागते. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा तिच्यातलं पाणी सुटतं आणि पाइपाला लावलेल्या एका पारदर्शक कपात साचतं. ते वेळच्या वेळी काढलं नाही तर रंगात जातं आणि रंगावर फोड येतात. म्हणून दर तासाला खालची चावी फिरवून कप रिकामा करायचा, हे सयाजीरावांचं काम. कोरड्या दिवशी तासाभरात कपात तळ ओला होण्याइतकंच पाणी यायचं. पण वळीव जवळ आला की हवा आधीच जड व्हायची आणि कप अर्ध्या तासात काठोकाठ भरायचा. दोन-चार वर्षांत सयाजीरावांना त्याचं गणित बसलं. हे गणित त्यांनी एकट्या चिमाजीला सांगितलं होतं, कारण चिमाजी त्यांच्या हाताखाली होता आणि सयाजीराव रजेवर असले की कप तोच बघायचा.

बाकीच्यांना कप दाखवून काय मिळालं असतं? कपाला कोणी मान दिला नसता.

घरीसुद्धा त्यांनी हे सांगितलं नव्हतं. थेरगावच्या चाळीत आले तेव्हापासून कुसुमताई सगळ्या आळीला सांगत आल्या होत्या, "आमच्या ह्यांना पावसाचा वास येतो." बायको कौतुकानं सांगतेय म्हटल्यावर तिला कशाला अडवायचं, असं म्हणत वीस वर्षं निघून गेली. पुढं चाळ पाडून तिथं चार मजली इमारत झाली, झांबरे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले, पण नाक होतं तिथंच राहिलं.

आणि मग ते खरोखरच गेलं.

कोरोनाचा ताप आला, उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. बाकीच्यांचा महिन्या-दोन महिन्यांत परत आला. सयाजीरावांचा येईना. कुसुमताई रोज सकाळी लसूण ठेचून त्यांच्या नाकाशी धरायच्या, कधी लवंग, कधी कापूर, आणि तोंडाकडे बघत बसायच्या. विसाव्या दिवशी त्या कापूर हातात घेऊन तशाच रडायला लागल्या. सयाजीरावांना ते बघवेना. ते पटकन म्हणाले, "आला, आला! कापूर ना? आला बघ!"

कुसुमताईंनी देवापुढं साखर ठेवली. झालं. एकदा साखर ठेवल्यावर ती उचलायची कशी?

तेव्हापासून पाच वर्षं सयाजीराव डोळ्यांनी वास घेत होते. कढईत काय आहे ते आधी बघायचं आणि मग दारातूनच म्हणायचं, "वा, काय घमघमाट सुटलाय!" उदबत्तीचा धूर दिसला की छातीभर श्वास घ्यायचा. दूध गॅसवर असलं की त्याच्यापासून हलायचं नाही. रोज झोपण्याआधी गॅसची चावी हातानं चाचपायची. या कामात ते इतके तरबेज झाले होते की त्यांना स्वतःचं थोडं कौतुकही वाटायचं. एकदा दुपारी ते अचानक स्वयंपाकघरात गेले, तर कुसुमताई तव्यापुढं पाठमोऱ्या उभ्या. तव्यावर काहीतरी काळपट, बारीक, धूर निघत होता. सयाजीरावांनी क्षणभरही न थांबता म्हटलं, "वा! जिरं भाजतेस वाटतं. काय खमंग वास आहे!"

कुसुमताईंच्या हातातलं उलथनं खाली पडलं. त्या वळून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय. जिरंच." आणि त्या दिवशी कारण नसताना त्या संध्याकाळपर्यंत हसत होत्या. सयाजीरावांना वाटलं, किती दिवसांनी खूश आहे बिचारी.

बिचारी म्हणायला कारण होतं. अलीकडे कुसुमताईंचं सकाळी सकाळी डोकं धरायचं. मग त्या बामाची डबी घेऊन गच्चीवर जायच्या, दहा मिनिटं मोकळ्या हवेत बसायच्या आणि ताज्यातवान्या होऊन खाली यायच्या. पूर्वी त्यांना मिश्रीची सवय होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि रोज सकाळी ती दातांना घासत बसायचं. तो वास घरभर भरायचा. सयाजीरावांना तो इतका नकोसा व्हायचा की बारा वर्षांपूर्वी त्यांनी गादी उचलून आठ दिवस बाहेर जिन्यात मुक्काम ठोकला होता. आळी बघायला लागली तेव्हा कुसुमताईंनी मिश्री सोडली. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सोडली. 'तिनं माझ्यासाठी एवढी सवय सोडली आणि मी तिला पाच वर्षं खोटं बोलतोय,' हा विचार सयाजीरावांना अधूनमधून टोचायचा. सगळ्या भाज्यांची, सगळ्या आमट्यांची, आपल्याला ज्यांचा वास कधी आलाच नाही त्यांची आपण केलेली तारीफ हिला कळली तर ही काय म्हणेल? जेवायला वाढेल, पण पूर्वीसारखं तोंडाकडे बघत वाढणार नाही. त्यांना भीती होती ती एवढीच.

यंदा मे महिन्यात कुसुमताईंच्या माहेरी, कड्याला, त्यांच्या भाच्याच्या मुलीचं लग्न निघालं. झांबऱ्यांचा मुलगा रविराज आणि सून स्वप्नाली पिंपळे गुरवला राहायचे. ते पहाटे गाडी घेऊन आले. जायचं, लग्न लावायचं, जेवायचं आणि संध्याकाळपर्यंत परत, असा बेत होता. अडचण एकच होती. गच्चीवर कुसुमताईंच्या वर्षाच्या कुरडया पसरलेल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, शिजवून आदल्या दिवशी घातलेल्या. आज एक कडक ऊन मिळालं की काम झालं, पण भिजल्या तर सगळा लगदा.

"अहो," जिन्यात चपला घालता घालता कुसुमताईंनी विचारलं, "नाक काय म्हणतंय? ठेवू का तशाच?"

सयाजीरावांनी आभाळाकडे बघितलं. आभाळ स्वच्छ. पण मे महिन्यातलं सकाळचं आभाळ कुणाच्या बापाचं नसतं हे त्यांना माहीत होतं, आणि निवृत्त झाल्यापासून हाताशी कप नव्हता. ते म्हणाले, "इथं गटाराचा वास आड येतो. जरा रस्त्याला लागू दे, सांगतो."

"अण्णा, गटारावर झाकण बसून सहा महिने झाले," स्वप्नाली म्हणाली. ती भोसरीतल्या एका कंपनीत क्वालिटीला होती. मोजून बघितल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे.

"झाकणाच्या फटीतून येतो," सयाजीराव म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले.

गच्चीची आणि घराची अशा दोन किल्ल्या खालच्या मजल्यावरच्या जाईबाईंकडे दिल्या. जाईबाईंचे गुडघे दुखायचे. कुरडया काढायला त्यांना एकदाच वर चढवायचं, आणि तेही नेमक्या वेळेला. ती वेळ सांगायचं काम नाकावर आलं.

शिक्रापूरला गाडी चहाला थांबली. सयाजीराव लघवीला जातो म्हणून हॉटेलाच्या मागे गेले आणि त्यांनी चिमाजीला फोन लावला. निवृत्तीनंतरची ही त्यांची सोय होती. वळवाच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा तरी फोन व्हायचा, आणि चिमाजीलाही त्यात गंमत वाटायची.

"चिमाजी, ड्युटीवर आहेस का?"

"हाय की राव. रंगाचा बूथ धुवाय बोलावलंय. बोला."

"कप बघ."

थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज आला. मग चिमाजी म्हणाला, "कोरडा हाय."

"कोरडा म्हणजे? तळ तरी ओला असेल."

"न्हाई ओ. ठणठणीत कोरडा. बोट फिरवलं, पुसल्यासारका हाय."

इतका कोरडा कप सयाजीरावांनी एकतीस वर्षांत बघितला नव्हता. त्यांचा आनंद गगनात मावेना. ते परत आले, चहाचा ग्लास हातात घेतला, डोळे मिटले, मान वर केली. दोन श्वास. तिसऱ्याला थांबले.

"आज नाही," ते म्हणाले. "उद्याही नाही. हवा अशी कोरडी मी जन्मात हुंगली नव्हती. कुरडया संध्याकाळपर्यंत राहू देत खुशाल."

"शंभर टक्के?" स्वप्नालीनं विचारलं.

"क्वालिटीवाल्यांनी शिक्का मारावा इतकं."

"थांबा हं, जाईबाईंना तुमचा निरोप देते," असं म्हणून कुसुमताई फोन घेऊन रस्त्याकडेला गेल्या. तिथून त्या बराच वेळ बोलत होत्या, आणि बोलता बोलता एकदा सयाजीरावांकडे बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. सयाजीरावांना वाटलं, धूळ जात असेल.

लग्न वेळेवर लागलं नाही, पण जेवण चांगलं होतं. सयाजीरावांनी मसालेभाताच्या वासाची एवढी स्तुती केली की आचारी बाहेर येऊन त्यांच्या पाया पडला. दुपारी दोनला गाडी परत फिरली. ऊन मी म्हणत होतं. सयाजीराव अधूनमधून मान वळवून मागे बसलेल्या सुनेकडे बघायचे आणि म्हणायचे, "बघ. ढगाचा ठिपका नाही."

शिक्रापूरहून वाघोलीकडे गर्दी म्हणून रविराजनं गाडी चाकणच्या रस्त्याला घातली. शेल पिंपळगावचा पूल ओलांडला आणि बहुळच्या अलीकडे सगळंच थांबलं. पुढं कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला ट्रक. इंजिनं बंद करून ड्रायव्हर खाली उतरले म्हणजे अर्धा तास तरी नक्की. साडेपाच वाजत आले होते. काचा बंद, एसी चालू. पश्चिमेचं काही दिसत नव्हतं. तिकडे कंटेनरची निळी भिंत उभी होती.

एवढ्यात सयाजीरावांचा फोन वाजला. चिमाजीच होता. सयाजीरावांनी फोन कानाला घट्ट दाबला.

"सयाजीराव, घोळ झाला राव."

"काय?" सयाजीराव हळूच म्हणाले.

"आज बेस्तरवार हाय."

"मग?"

"मग काय, मग काय! सुट्टी हाय कंपनीला. आमी चौघंच आलोय बूथ धुवाय. कॉम्प्रेसरच बंद हाय सकाळधरनं. कप कोरडा राहील न्हाई तर काय हुईल? मला आत्ता घरी निघताना ध्यानात आलं."

सयाजीरावांच्या तोंडचं पाणी पळालं. एकतीस वर्षं गुरुवारची सुट्टी घेतलेला माणूस! सुट्टी निवडून दळण आणलं, सुट्टी बघून पोराचं बारसं केलं, आणि दोन वर्षं घरी बसल्यावर त्याला वारही कळू नये?

"अन् तिकडं हवा कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"हवा? काळंकुट्ट झालंय राव. वारं सुटलंय. पत्रं हालाय लागल्यात. तुमी कुटं हाय?"

सयाजीरावांनी फोन बंद केला.

"कोण होतं?" कुसुमताईंनी मागून विचारलं.

"चिमाजी. वार विचारत होता."

"वार?"

"विसरला होता बिचारा."

आता काय करायचं? सांगायचं तर कप सांगावा लागेल. कप सांगितला की तीस वर्षांचं नाक जाईल, आणि त्या नाकामागून मग ही पाच वर्षंही निघतील, एकाला एक लागून. न सांगावं तर कुरडया जातील. चाकणहून थेरगावला पाऊस पोचायला किती वेळ लागतो? सयाजीरावांच्या डोळ्यांपुढं गच्चीवरची ती पांढरी जाळी, तीन दिवस चीक ढवळून लाल झालेले कुसुमताईंचे तळहात आणि त्यावर पडणारे थेंब असं सगळं येऊन गेलं. मग त्यांनी ठरवलं. सकाळी नाकानं चूक केली असेल, तर दुरुस्तीही नाकानंच करावी.

"रविराज, काच खाली घे."

"अण्णा, बाहेर आग आहे."

"घे म्हणतो ना!"

काच खाली आली. सयाजीरावांनी मान बाहेर काढली, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. एक. दोन. तिसऱ्याला ते थांबले. चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरू दिलं, आणि म्हणाले, "आहाहा! बदललं. मातीचा वास! ओल्या मातीचा! काय सुगंध आहे!"

सयाजीरावांनी डोळे उघडून मागे बघितलं. स्वप्नालीनं ओढणी नाकातोंडाला गुंडाळली होती आणि तिचे नुसते डोळे दिसत होते. रविराज एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं काचेचं बटण शोधत होता. त्याला ठसका लागला होता.

काचेला लागून एक ट्रक उभा होता. वर ताडपत्री करकचून बांधलेली. आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नव्हतं. आत कोंबडीखत होतं. शेडमधून तसंच भरून आणलेलं, दिवसभर उन्हात शिजलेलं.

"अण्णा," ओढणीतून आवाज आला, "सुगंध?"

सयाजीरावांना ट्रक दिसत होता, ताडपत्री दिसत होती, पण आपलं काय चुकलं ते कळत नव्हतं. डोळ्यांनी दगा दिल्याची ही पहिलीच वेळ.

"तुम्हाला खरंच मातीचा वास आला?" स्वप्नाली पुढं सरकली. क्वालिटीत नापास माल हातात धरल्यावर ती कशी बघत असेल ते सयाजीरावांना त्या क्षणी समजलं. "मला एक सांगा अण्णा, तुम्हाला..."

"येतोय की!" कुसुमताई एकदम म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. कुसुमताईंनी पदर बाजूला केला, खिडकीकडे तोंड केलं आणि कोंबडीखताचा एक भलामोठा श्वास छातीत ओढून घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान हलवत त्या म्हणाल्या, "मातीचाच आहे. ह्या घाणीच्या मागून येतोय. तुम्हा एसीतल्या लोकांना कळायचा नाही. आमच्या ह्यांचं नाक काय साधं आहे?"

"आई, तुम्हालापण?"

"व्हय तर. तुला नाही आला?" असं म्हणून त्यांनी सुनेकडे असं बघितलं की स्वप्नालीनं ओढणी पुन्हा वर ओढली.

सयाजीराव चाट पडले. कुसुम खोटं बोलत होती. आपल्याला वाचवत होती, पण कशापासून वाचवतेय हे तिला कसं माहीत? ते म्हणाले, "जाईबाईंना फोन कर. कुरडया काढायला सांग लगेच."

"रेंज नाही," कुसुमताई फोनकडे न बघता म्हणाल्या.

ट्रक पुढं सरकला, कंटेनर सरकले, आणि पश्चिम उघडी पडली. डोंगराच्या बाजूनं काळी-जांभळी कड वर येत होती. धुळीची एक भिंत रस्त्यावरून धावत आली आणि तिच्या मागोमाग वळीव आदळला. बोराएवढे थेंब बॉनेटवर फुटू लागले. रस्त्याकडेच्या शेतातून, पंक्चरच्या दुकानासमोरच्या धुळीतून वाफ निघाली. रविराजनं काच वर घेतली नाही. सयाजीरावांनी तिघांचे चेहरे बघितले. तिघांच्या नाकपुड्या किंचित फुलल्या होत्या, स्वप्नालीची ओढणी खाली आली होती, आणि सगळे कुठंतरी लांब बघत होते. सयाजीरावांना कळलं की तो आला. त्यांना मात्र नुसता गार वारा लागत होता.

मागून कुसुमताई स्वतःशीच बोलावं तशा म्हणाल्या, "नव्या माठात पहिल्यांदा पाणी भरलं की येतो ना, तस्सा. अन् मागून जरा तापलेल्या तव्यावर हबका मारल्यासारखा. आमच्या कड्याच्या पावसाला असा नसतो. ह्यात डिझेल आहे थोडं. कुठंतरी कुणीतरी चहात आलं टाकलंय."

"तेच म्हणतोय मी," सयाजीराव पुढं बघत म्हणाले. पाच वर्षांत वास त्यांच्या एवढा जवळ आला नव्हता.

पण कुरडया! चाकण चौक, मोशी, भोसरी, नाशिक फाटा, सगळीकडे पाणीच पाणी. वायपर थांबायला तयार नव्हते. प्रत्येक सिग्नलला सयाजीराव मनातल्या मनात एकेक कुरडई विरघळताना बघत होते. डांगे चौकात पोचेपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं होतं, की घरी गेल्याबरोबर सगळं सांगायचं. कप, कापूर, सगळं. मग ती काय म्हणेल ते म्हणो.

रविराज गाडी लावायला गेला, त्याला जागा दाखवायला स्वप्नाली उतरून पावसातच थांबली. सयाजीराव आणि कुसुमताई जिना चढून वर आले. सयाजीरावांनी दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच उभे राहिले. बाहेरच्या खोलीत, पलंगावर चादर टाकून तिच्यावर सगळ्या कुरडया नीट मांडून ठेवलेल्या होत्या. कडकडीत वाळलेल्या. एकही ओली नव्हती.

"ह्या... कुणी काढल्या?"

"जाईबाईंनी. दुपारी बाराला."

"पण मी तर संध्याकाळपर्यंत..."

"म्हणूनच सांगितलं त्यांना बाराला काढायला," कुसुमताई पदरानं डोकं पुसत म्हणाल्या. "तुम्ही 'उद्याही नाही' म्हणालात ना, तेव्हाच म्हणलं आज पडतोय."

सयाजीराव हळूच खुर्चीत बसले. "कुसुम, मला वास येत नाही."

"माहीत आहे."

"कोरोनापासून."

"ते पण माहीत आहे."

"मग पाच वर्षं तू रोज विचारत होतीस, नाक काय म्हणतंय?"

"तुम्ही मान वर करून उभे राहता ना, तेव्हा लई रुबाबदार दिसता," कुसुमताई म्हणाल्या, आणि हसू दाबायला त्यांनी एक कुरडई उचलून तिची तार तपासायला सुरुवात केली.

सयाजीरावांच्या छातीवरचं मणामणाचं ओझं उतरलं. पण ते एकतीस वर्षं रंगातले फोड शोधणारे होते. ओझं उतरल्यावर डोकं चालायला लागलं. "तुला कळलं कसं?"

कुसुमताईंचा हात कुरडईवर थांबला. "असंच. कळलं."

"असंच कसं? मी तर कधी चुकलो नाही. भाजी बघितल्याशिवाय कधी बोललो नाही."

"बायकांना कळतं."

"आणि गाडीत मला झाकलंस का? स्वप्नालीला सांगून टाकायचं होतंस. एवढी घाण छातीत ओढून घेतलीस, ती कशासाठी?"

"नवऱ्याची अब्रू म्हणून काही असतं की नाही?" कुसुमताई घाईघाईनं म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. "चहा टाकते."

तेवढ्यात जाईबाई एकेक पायरी मोजत वर आल्या. एका हातात दोन्ही किल्ल्या, दुसऱ्या हातात बामाची डबी.

"कुसुमताई, ही घ्या. सकाळी कुरडयांपाशी कठड्यावर विसरला होतात. वर चढून माझे गुडघे असे धरले, म्हटलं तुमचा जरा बाम चोळावा. तर बाई, आत बामच नाही! काळीकाळी पूड निघाली. अर्ध्या गुडघ्याला लागली, अजून जात नाही."

कुसुमताई स्वयंपाकघराच्या दारात होत्या तिथंच उभ्या राहिल्या. सयाजीराव उठले. जाईबाईंच्या हातातून त्यांनी डबी घेतली, झाकण उघडलं आणि आत बघितलं. काळी, बारीक, नीट भाजून कुटलेली पूड. त्यांना त्या दुपारचा तवा आठवला. खाली पडलेलं उलथनं आठवलं. संध्याकाळपर्यंतचं ते हसू आठवलं, आणि अलीकडच्या सगळ्या सकाळच्या डोकेदुख्या ओळीनं उभ्या राहिल्या.

जाईबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. "काय आहे ते? डाग पडेल का माझ्या गुडघ्याला?"

जिन्यात पावलं वाजली. रविराज आणि स्वप्नाली भिजत वर आले. दारातच स्वप्नाली थबकली, तिनं नाक वर केलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"आई, घरात कसला उग्र वास येतोय?"

कुसुमताईंनी सयाजीरावांकडे बघितलं. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सोडलेली गोष्ट, आणि मुलगा समोर ओलाचिंब उभा. त्यांच्या कपाळावर पावसाचे नसलेले दोन थेंब आले.

सयाजीरावांनी डबी नाकाशी नेली. डोळे मिटले, मान वर केली. दोन लांब श्वास घेतले. तिसऱ्याला थांबले, नेहमीपेक्षा थोडे जास्तच.

"जिरं आहे," ते म्हणाले. "यंदाचं जरा जास्तच भाजलंय."